लाइट कुणावर मारायचा?

नाशिकच्या सातपूरमध्ये गाण्याचा कार्यक्रम म्हटला की सभागृह डोळ्यांसमोर येत नाही. कॉलनीतला चौक, लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून बांधलेलं स्टेज, मागे बॅनर आणि दोन्ही बाजूंना पार लाइटांचे खांब, एवढा सरंजाम पुरतो. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत भीमगीतं, गणपतीत ऑर्केस्ट्रा नाहीतर भजन, एखाद्या घरी जागरण-गोंधळ. फर्स्ट शिफ्ट करून, जेवून आलेली माणसं सतरंजीवर बसतात. सेकंड शिफ्टवाल्यांचा कार्यक्रम हुकतोच, कारण दहाला भोंगे बंद करावे लागतात. बाराची परवानगी वर्षातल्या मोजक्या दिवसांनाच मिळते.

या अर्धवट उजेडात गाणाऱ्यांचे फोटो कसे काढावेत, याबद्दल दोन पंथ आहेत. त्यांची बाजू मांडायला इथे दोन माणसं उभी केली आहेत. मामांचा छोटा स्टुडिओ आहे : पासपोर्ट फोटो, लग्नं, साखरपुडे आणि मंडळांचे कार्यक्रम. भाची एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटीला आहे आणि पगारातून तिने मिररलेस कॅमेरा घेतला आहे. दोघंही काल्पनिक आहेत, त्यांचं भांडण मात्र खरं आहे.

भाची : मामा, तुम्ही फ्लॅश मारलात तेव्हा गायक शेर म्हणत होता. डोळे मिटलेले होते त्याचे. उजेड पडला आणि तो दचकला. मी लेन्समधून बघत होते.

मामा : दचकला असेल. गाणं थांबलं का? मध्येच पाहुणे येतात, हारतुरे होतात, माइक शिट्टी मारतो, मागे कुणी फटाक्यांची माळ लावतं. एवढं सगळं पचवून गाणारी माणसं आहेत ती. माझ्या फ्लॅशने काय आभाळ कोसळतं?

भाची : म्हणजे सगळे त्रास देतात म्हणून आपणही द्यायचा?

मामा : मी त्रास देत नाही, काम करतो. मंडळाने पैसे दिलेत. त्यांना अध्यक्षांचा चेहरा, गायकाचा चेहरा आणि बक्षीस देणाऱ्याचा चेहरा हवा असतो. दहाची नाहीतर पन्नासची नोट घेऊन एक माणूस स्टेजवर चढतो, गायकाच्या हातात देतो, माइकवर त्याचं नाव पुकारलं जातं. त्याच्यासाठी तो त्या रात्रीचा सगळ्यात मोठा क्षण. आणि तो उभा कसा असतो? लाइटांकडे पाठ करून. फ्लॅश नसला तर त्याचा नुसता काळा पुतळा येतो. तुझ्या त्या ग्रेनवाल्या फोटोत त्याने स्वतःला ओळखायचं कसं?

भाची : ग्रेन फिल्मला असतो. माझ्याकडे येतो तो नॉइज. आणि तोही आता इतका सोसता येतो की फ्लॅशची गरज उरलेली नाही. तुम्ही चारशेची फिल्म घालून शूट करायचात. मी सहा हजार चारशे आयएसओवर बिनधास्त काढते, म्हणजे तुमच्यापेक्षा सोळापट कमी उजेडात. एफ १.८ची पन्नासची लेन्स लावली, शटर एकशेपंचविसावर ठेवला की गायकाचा चेहरा मिळतो.

मामा : गायकाचा.

भाची : म्हणजे?

मामा : काही नाही, बोल तू पुढे.

भाची : कॅमेऱ्याला ऑटोवर सोडलं तर तो फसतो. फ्रेममध्ये काळोख जास्त दिसला की त्याला वाटतं चित्र कमी उजेडात चाललंय, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो आणि गायकाचा पांढरा कुर्ता जळून जातो. मी मीटर फक्त चेहऱ्यावर धरते आणि बाकी सगळं मॅन्युअल. समोरून उभं राहिलं तर माइक तोंडावर येतो, म्हणून बाजूला सरकते. आणि ओळ चालू असताना मी दाबतच नाही. ओळ संपते, तो कोरसकडे सोपवतो, मान वर करतो. माइक आणि चेहरा यांच्यामध्ये तेव्हाच जागा पडते. गाणं ऐकलं तर ती वेळ आधी कळते. तुमचा फ्लॅश कधीही लागतो, म्हणून तुम्ही ऐकत नाही.

इथे भाचीला एक गुण द्यायला हवा. अंधारात फोटो काढणाऱ्याला तंत्रापेक्षा गाण्याची रचना जास्त कामाला येते. मुखडा कधी परत येणार, ढोलकीवाला तिहाई कुठे टाकणार, शेर संपून ताल कधी सुरू होणार, हे ज्याला माहीत आहे त्याचं बोट अर्धा सेकंद आधी तयार असतं. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी सवाई गंधर्व महोत्सवात काढलेल्या कलावंतांच्या कृष्णधवल चित्रांकडे पाहिलं की हे पटतं. चित्र काढणारा समोर श्रोता म्हणून बसला होता, हे त्या चित्रांत दिसतं.

मामा : मी ऐकत नाही? अगं, या वस्तीत मी भीमगीतं ऐकत मोठा झालो. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १९२२चा जन्म, आणि २००४ साली गेले तेही नाशिकमध्येच. ती पिढी वस्त्यावस्त्यांतून रात्र रात्र गायली. उजेड कसला, तर ग्यासबत्ती नाहीतर एखादा पिवळा बल्ब. तेव्हाच्या फिल्मवर शटर इतका सावकाश ठेवावा लागायचा की गाणाऱ्याने मान हलवली की चेहरा पुसला जायचा. ऊटीच्या सरकारी कारखान्यातली 'इंदू' फिल्म वापरलीय मी, सांगतो तुला. अशा रात्रींची जी काही चित्रं उरली असतील, ती कुणीतरी फ्लॅश मारला म्हणून उरली. तुझ्यासारखे सगळेच संकोची निघाले असते तर काय उरलं असतं?

भाची : तेव्हा इलाज नव्हता म्हणून मारला. आता आहे.

मामा : बरं. मग आता दाखव तुझे फोटो.

(भाची लॅपटॉप उघडते. फोटो चांगले आहेत, अगदी मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभतील असे. काळ्या पार्श्वभूमीतून गायकाचा अर्धा चेहरा, कपाळावर घामाची रेघ, कानावर हात.)

मामा : छान. ढोलकीवाला कुठाय?

भाची : तो अंधारात होता.

मामा : बेंजोवाला?

भाची : तोही.

मामा : आणि कोरसला दोन बायका होत्या. त्यांतल्या एकीचा आवाज गायकापेक्षा चढा होता.

भाची : मामा, त्यांच्यावर लाइटच नव्हता! मी काय करणार? मी जे होतं ते दाखवते. उजेड मी घालत नाही, बदलत नाही.

मामा : जे होतं ते? सांग, ते कुणी ठरवलं? लाइटवाल्याने. लाइटवाल्याला कुणी सांगितलं? मंडळाने. मंडळाने बॅनरवर कुणाचा फोटो छापला होता? गायकाचा. बॅनर बघून लाइट लावला आणि लाइट बघून तू फोटो काढलास. यात तुझं काय? कार्यक्रमाला आलेल्या माणसाच्या कानात सगळ्यात आधी ढोलकी शिरते. तुझ्या फोटोत ती नाहीच. तू म्हणतेस मी काही घालत नाही. खरं आहे. तू काढून टाकतेस.

(भाची गप्प.)

मामा : मी लांबून फ्लॅश मारला तर फोटो चपटा येतो, मान्य. चेहरे भिंतीवर चिकटवल्यासारखे दिसतात, मागे सावल्या पडतात, तेही मान्य. पण माझ्या चपट्या फोटोत नऊच्या नऊ माणसं असतात. कोरसमधली बाई दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येते आणि प्रिंट मागते. तुझ्या फोटोत तिला मागायला काय आहे?

मामांचा हा मुद्दा मला मोठा वाटतो. कमी उजेडातली छायाचित्रं आपल्याला खरी वाटतात, कारण त्यांत कुणी ढवळाढवळ केलेली दिसत नाही. पण अंधार स्टेजवर आपोआप पडत नाही. तो कुणीतरी वाटून दिलेला असतो, आणि ही वाटणी नेहमी एकाच बाजूला झुकते. शास्त्रीय मैफलीतही वेगळं काय घडतं? मागे तानपुरा धरून बसलेले शिष्य अनेक सुंदर छायाचित्रांत नुसती बाह्यरेषा म्हणून येतात. तरी मामांच्या फ्लॅशला मी मत देणार नाही. उपाय आणि मुद्दा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मामा त्या एकाच पिशवीत भरतात.

भाची : तुमचं एक मानलं. पण फ्लॅश मारून तुम्ही ढोलकीवाल्याला उजेड देत नाही. सगळ्यांवर सारखा चुना फासता. जगातले मोठे फोटोग्राफर असं करत नाहीत. ते जॅझ क्लबमधले फोटो बघा. १९४८ सालचा डेक्स्टर गॉर्डनचा फोटो, न्यू यॉर्कच्या रॉयल रूस्टमधला. हातात सॅक्सोफोन, सगळीकडे सिगारेटचा धूर. हर्मन लेनर्डने काढला. अंधार आहे म्हणून तर तो फोटो आहे.

मामा : त्या धुरावर उजेड कुठून पडलाय?

भाची : मागून.

मामा : क्लबचा नव्हे तो. त्याने स्वतःचे फ्लॅश आणले होते आणि क्लबच्या फोकसच्या बाजूला बांधले होते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं उजेड क्लबचाच आहे. आणि ते काम तो बऱ्याचदा तालमीच्या वेळी उरकायचा. ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्डांवरचे फोटो काढणारा फ्रान्सिस वुल्फ? तोही रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत फ्लॅशच वापरायचा, पण कॅमेऱ्यावर लावून नाही, हातात बाजूला धरून. म्हणून चेहऱ्याची एक बाजू उजळ आणि मागे काळोख. तुम्ही पोरं ते बघून म्हणता, वा, काय नैसर्गिक अंधार! अगं, तो अंधार त्यांनी उजेड लावून बनवलाय.

भाची : तुम्हाला हे कुठून माहीत?

मामा : धंद्यात आहे मी. मलाही पुस्तकं वाचता येतात.

भाची : मग तुम्ही कॅमेऱ्यावरच का मारता? हातात का धरत नाही?

मामा : एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात फ्लॅश, आणि मंडळाचा कार्यकर्ता कानाशी : साहेबांचा घ्या, साहेबांचा घ्या. वरून बाउन्स करावा तर वर आभाळ. मंडप असला तर कापड निळं. निळ्या कापडावरून बाउन्स केला की नवरदेव असो नाहीतर गायक, सगळे निळे.

भाची : निळ्याचाच विषय काढलात ना? माझं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मी ठिकाणं हिरव्या रंगाला असतात, पाव लाल, पाव निळ्या. स्टेजवर नुसते निळे एलईडी लावले की तीन चतुर्थांश सेन्सर जवळजवळ आंधळा. चेहऱ्यावर नाक-डोळे उरत नाहीत, निळा डाग येतो. त्वचा सावळी असली तर आणखीच वाईट. वर ते एलईडी मंद केले की डोळ्याला दिसणार नाही अशी उघडझाप करतात. सायलेंट शटरवर फोटो काढला की आडवे पट्टे. चौदा एप्रिलला निळे पार लाइट बंद ठेवा, असं लाइटवाल्याला सांगायला हवं.

मामा : चौदा एप्रिलला निळा बंद ठेवा म्हणणारी तू कोण?

भाची : फोटोसाठी म्हणतेय मी.

मामा : आणि लोक निळ्यासाठी आलेत. तो रंग तिथे शोभेला लावलेला नाही. तुझ्या सेन्सरला जमत नाही म्हणून वस्तीने आपला झेंडा उतरवायचा?

भाची : म्हणून मी ते फोटो ब्लॅक अँड व्हाइट करते. निळा डाग जातो, चेहरा परत मिळतो.

मामा : निळ्या रात्रीचा फोटो काळा-पांढरा करून मंडळाला देऊन बघ. मग मला सांग काय म्हणतात ते.

हसू आलं तरी प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रंगाचं आणि सावळ्या चेहऱ्याचं वैर जुनं आहे. १९५०च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रिंटिंग लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुन्याची कार्डं द्यायची. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत आणि त्यांवर गोऱ्या तरुणीचं चित्र असे. ती नीट आली की यंत्र बरोबर, असा हिशेब. नाशिकच्या उन्हात रापलेला कामगार त्या हिशेबात नव्हता. मामांच्या पिढीतले स्टुडिओवाले लॅबला चिठ्ठी लिहून 'चेहरा उजळ करणे' असं कळवत, त्यामागे गोरेपणाचं वेड होतं हे नाकारता येत नाही. पण यंत्राची चूक निस्तरणंही होतं. आता सेन्सर सुधारले, तरी एकरंगी एलईडीपुढे ते हात टेकतात, आणि आपल्याकडे एलईडी स्वस्त झाल्यापासून पिवळा बल्ब स्टेजवरून हद्दपार झाला आहे. त्या बल्बच्या उजेडात सगळ्या रंगांची थोडीथोडी भेसळ होती. चेहऱ्याला ती मानवायची.

भाची : आपल्या शहरातच दुसऱ्या टोकाचा अनुभव घ्या. पाडव्याला पिंपळपारावर पहाटेचा कार्यक्रम असतो. सुरुवातीला अंधार, मग हळूहळू उजाडत जातं. मी आयएसओ कमी करत जाते आणि गाणं पुढे जात राहतं. तिथे फ्लॅश मारणाऱ्याकडे लोक वळून बघतात.

मामा : तिथे सूर्य लाइटवाल्याचं काम करतो. गायकावर, तबल्यावर, तानपुऱ्यावर, पहिल्या रांगेतल्या आजीवर, सगळ्यांवर सारखा पडतो. आमच्या चौकात सूर्य रात्री आठला येत नाही.

भाची : पंचवटीत पलुस्कर सभागृहात एखादी बैठक असली तर?

मामा : तिथे मी फ्लॅश मारणार नाही. तिथे आलापात शटरचा आवाजसुद्धा टोचतो. मला अक्कल नाही असं समजू नकोस.

भाची : म्हणजे शास्त्रीय गायकाला जपायचं आणि भीमगीत गाणाऱ्याला नाही?

मामा कॅमेऱ्याची बॅग आवरायला लागतात. हा घाव वर्मी बसला आहे, आणि तो भाचीने हिशेबाने घातला आहे. चौकातल्या गायकाला गोंगाटाची सवय आहे, हे खरं. पण सवय आहे म्हणून गोंगाट वाढवायचा परवाना कुणाला मिळतो? पलुस्करांच्या नावाच्या सभागृहात जी अदब आपोआप पाळली जाते, ती वामनदादांच्या वारसांच्या स्टेजसमोर का पाळू नये? मामांनी ढोलकीवाल्याची बाजू घेतली ती योग्यच होती. त्याच न्यायाने भाचीने गायकाची घेतली.

मामा : बरं, ते राहू दे. एवढं जपतेस तर त्याला विचारलं होतंस का? फोटो काढू का म्हणून?

भाची : कार्यक्रम सार्वजनिक होता.

मामा : आता कशी बोललीस!

भाची : फोटोग्राफर दयानिता सिंग अहमदाबादच्या एनआयडीत शिकत होती, तेव्हा तबलावादक झाकीर हुसेनच्या कार्यक्रमात फोटो काढायला गेली. आयोजकाने ढकललं, पडली. नंतर तिने थेट झाकीरला गाठलं. त्याने हो म्हटलं, आणि पुढे सहा हिवाळे ती त्याच्या दौऱ्यांवर हिंडली. १९८६ला तिचं पहिलं पुस्तक आलं ते त्याच्यावर. त्यात स्टेजवरचे फोटो आहेत तसे प्रवासातले, रियाझातले, घरातलेही आहेत. सगळ्यात कमी उजेड स्टेजवर नसतोच, मामा. तो तालमीच्या खोलीत असतो. एक ट्यूबलाइट आणि सहा माणसं.

मामा : आणि त्या ट्यूबखाली ढोलकीवालाही तेवढाच उजळ दिसतो.

भाची : हो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मामा : मग तालमीला जा की. आपल्याकडे कोण अडवतं? चहा पाजतील वर. फक्त ट्यूबखाली शटर शंभरावर नाहीतर पन्नासावर ठेव. वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, ट्यूब शंभरदा लुकलुकते. दोनशेपन्नासावर काढलास तर एक फोटो उजळ, एक काळपट, एक पिवळा.

भाची : माहीत आहे मला.

मामा : माहीत असेल, तरी सांगतो. आणखी एक. तालमीचे फोटो तुझे. कार्यक्रमाचे फोटो मंडळाने पैसे देऊन काढून घेतले, तर कायद्याने पहिला हक्क मंडळाचा, वेगळा करार नसला तर. मी आयुष्यभर बिल फाडत आलो, मला तेही कळायला उशीर लागला.

भाची : म्हणजे तुमच्याकडच्या इतक्या वर्षांच्या फोटोंपैकी…

मामा : निगेटिव्ह माझ्या कपाटात आहेत. हक्क कुणाचा ते वकील बघतील. बुरशी आधी लागते की वकील आधी येतो, एवढाच प्रश्न आहे.

भाची : ते स्कॅन करायला हवेत. त्यांच्यात कोरस आहे ना सगळा?

मामा : सगळा आहे. चपटा, पण आहे.

भाची : आणि पुढच्या जयंतीला मी पाचलाच जाईन, लाइटवाला खांब बांधत असतो तेव्हा. निळे बॅनरवर आणि गर्दीवर ठेव म्हणेन. एक साधा पिवळसर पार बाजूने ढोलकी आणि कोरसवर मागेन. एकच. गायकाला त्याचा फोकस आहेच.

मामा : देईल तो. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. चहा सांग त्याला आधी.

भाची : आणि तुमचा फ्लॅश बॅगेत.

मामा : बक्षिसाच्या वेळी काढणार. त्या माणसाची पाठ असते लाइटांकडे.

भाची : बक्षिसाच्या वेळी काढा. तेव्हा तसंही गाणं थांबलेलं असतं.

मामा : थांबत नाही गं. माइकवर नाव पुकारतात तेव्हाही ढोलकी चालूच असते.